काकांना राहायला दिलेलं घर, आणि आता चुलत भावाचा दावा

ओसरी | ११ जून, रात्री १०:२०

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. घरातली गोष्ट चारचौघांत मांडायला जीव धजत नव्हता. पण परवा बेलिफ समन्स देऊन गेला आणि आईने दोन दिवस धड जेवणही केलं नाही, म्हणून लिहितेय.

घर बाबांच्या नावावर आहे. १९८३ चं नोंदणीकृत खरेदीखत, पैसे त्यांच्या नोकरीतले. १९८६ साली त्यांची बदली झाली, तेव्हा धाकट्या काकांना म्हणाले, "घर बंद ठेवण्यापेक्षा तू राहा." भाडं नाही, करार नाही, एक ओळ लिहिलेली नाही. सख्ख्या भावाकडून लिहून घ्यायचं हे कुणाच्या मनातही आलं नाही. बाबा २०१७ मध्ये गेले. २०२२ मध्ये आईने निरोप पाठवला की आता मला माझ्या घरात येऊन राहायचंय, मला एक खोली द्या. तेव्हा चुलत भावाने पहिल्यांदा सांगितलं, "घर आमचं आहे."

आता त्याने आणि काकांनी मिळून आमच्यावर मनाई दावा टाकलाय: आम्ही त्यांच्या ताब्यात अडथळा आणू नये म्हणून. दाव्यात दोन गोष्टी आहेत. एक, घर आजोबांच्या पैशातून घेतलं, बाबांचं फक्त नाव लावलं. दोन, १२ वर्षांहून जास्त काळ त्यांचा ताबा आहे, त्यामुळे मालकी त्यांचीच. घरपट्टीही २००४ पासून काकांच्या नावाने येते.

आई, मी आणि भाऊ असे तिघे प्रतिवादी. खरंच १२ वर्षांनी घर जातं का?

---

पिंपळपान | ११ जून, रात्री ११:०५

घरपट्टी त्यांच्या नावावर आणि ताबा ३५ वर्षांचा म्हणजे अवघड आहे. माझ्या मते कोर्टात बसण्यापेक्षा एक दिवस सगळे मिळून जा, एका खोलीला तुमचं कुलूप लावा आणि आईंना तिथे बसवा. एकदा आत शिरलं की कोण काढतंय?

---

कज्जेदलाल_नव्हे | १२ जून, सकाळी ७:१५

पिंपळपान, कृपा करून असा सल्ला देऊ नका. मी दिवाणी कोर्टात २२ वर्षं वकिली करतोय, आणि या सल्ल्यापायी चांगल्या बाजूचे लोक आरोपी झालेले पाहिलेत. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चं कलम ६ सांगतं की ज्याचा ताबा कायदेशीर मार्गाशिवाय काढून घेतला, त्याने ६ महिन्यांत दावा केला तर त्याला ताबा परत मिळतो. त्या दाव्यात मालक कोण, हे कोर्ट बघतच नाही. म्हणजे ओसरीताईंचं खरेदीखत शंभर टक्के खरं असूनही त्या हरतील, वर फौजदारी तक्रार होईल ती वेगळीच.

ओसरी, आता तुमच्याकडे वळतो. आधी तारीख बघा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते. कोर्ट कारणं बघून ९० दिवसांपर्यंत मुदत देतं, पण त्या भरवशावर राहू नका. दाव्याबरोबर निशाणी ५ चा अर्ज, म्हणजे तूर्त मनाईचा अर्ज, असणारच. त्यावर तुमचं म्हणणं, म्हणजे लेखी उत्तर, वेगळं द्यावं लागतं आणि ते आधी द्यावं लागतं. निशाणी ५ वर काय हुकूम होतो यावर पुढची अनेक वर्षं घरात कोण बसणार ते ठरतं.

१२ वर्षांबद्दल. मुदतीच्या कायद्याचा अनुच्छेद ६५ मालकीच्या आधारावर ताबा मागायला १२ वर्षं देतो, हे बरोबर. पण ती १२ वर्षं समोरच्याचा ताबा विरोधी झाल्या दिवसापासून मोजतात. तुम्ही घर सोडलंत त्या दिवसापासून नव्हे. काका १९८६ मध्ये भावाच्या परवानगीने आले. परवानगीचा ताबा ४० वर्षं चालला तरी तो परवानगीचाच. "हे घर आता माझं, तुझा संबंध नाही" असं उघडपणे सांगितल्यावर घड्याळ सुरू होतं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ते २०२२.

शिवाय त्यांच्या दोन बाजू एकमेकींच्या पायात पाय घालतात. घर आजोबांच्या पैशाचं, म्हणजे मुळातच आमचं, असं एकीकडे म्हणायचं, आणि विरोधी ताब्याने मालक झालो असं दुसरीकडे. विरोधी ताबा सांगणाऱ्याला आधी समोरचा मालक होता हे मान्य करावं लागतं.

---

सांजसावली | १२ जून, सकाळी ९:३०

वाचतेय. ओसरी, आईंना धीर द्या.

२००५ च्या कायद्याने मुलींनाही समान हक्क मिळालाय, तेव्हा तुमचाही वाटा आहे हे विसरू नका.

---

कज्जेदलाल_नव्हे | १२ जून, सकाळी ९:५०

वाटा आहेच, पण २००५ मुळे नव्हे. हा घोळ फार जणांचा होतो. २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा विनीता शर्मा खटल्यातला निकाल हे वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या जन्मसिद्ध हक्काबद्दल आहेत. इथे घर वडिलांचं स्वकष्टार्जित. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ नेच आई, मुलगा, मुलगी यांना सारखे हिस्से मिळतात. मूळ कायद्यापासून हे असंच आहे.

फरक का सांगतोय? कारण "मला मुलगी म्हणून वडिलोपार्जित घरात हक्क आहे" असं कैफियतीत कुणी उत्साहाने लिहिलं, तर घर वडिलोपार्जित आहे हे तुम्हीच कबूल केल्यासारखं होईल. समोरच्याला नेमकं तेच हवंय.

---

जुनी_वही | १२ जून, दुपारी २:१०

घरपट्टीचं मी सांगते, नगरपालिकेच्या कर विभागात नोकरी झाली. कर आकारणीचं नाव म्हणजे मालकी नव्हे. कर कुणाकडून वसूल करायचा, एवढ्यापुरतं ते रजिस्टर असतं. जागेवर राहणारा माणूस अर्ज घेऊन येतो, दोन वर्षांची पावती दाखवतो, नाव चढतं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर तर मालक आणि भोगवटा करणारा असे वेगळे रकानेच असतात. तुम्ही नुसती पावती न बघता आकारणीच्या उताऱ्याची नक्कल काढा, आणि २००४ च्या आधीचीही काढा. बदल कुठल्या कागदावर झाला, त्या अर्जाचीही नक्कल मागा. त्या अर्जात काकांनी स्वतःला काय म्हटलंय हे फार महत्त्वाचं आहे. "भावाचे घर, मी राहतो" असं लिहिलेले अर्ज मी डोळ्यांनी पाहिलेत.

सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिकाही काढा. त्यावर अजून बाबांचं नाव असेल तर वारस नोंदीचा अर्ज करून ठेवा. ती नोंदही मालकी देत नाही, पण नसली की समोरचा वकील त्याच्यावरच बोट ठेवतो.

---

मागची_पडवी | १२ जून, रात्री ९:४५

मी दुसऱ्या बाजूची आहे. माझे वडील म्हणजे तुमचे काका समजा. मोठे काका नोकरीसाठी गेले, माझे आईवडील घरात राहिले. आजी सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं आईने केलं. दर पावसाळ्याआधी वडील छपरावर चढायचे. मोठे काका गणपतीला यायचे आणि चौथ्या दिवशी जायचे. तीस वर्षांनी त्यांच्या मुलाने खरेदीखत दाखवलं आणि आम्ही घराबाहेर. कोर्टाने कायद्याने बरोबर निकाल दिला, हे मी मानते. पण राखलेल्या घराची किंमत त्या निकालात कुठे नव्हती.

ओसरी, तुमच्या बाबतीत काय घडलं मला ठाऊक नाही. एकच विनंती, कैफियतीत काकांना "घुसखोर" लिहू देऊ नका. आम्हाला तसं लिहिलं होतं. वडिलांनी तो शब्द वाचला, त्यानंतर ते कोर्टात आलेच नाहीत.

---

ओसरी | १३ जून, सकाळी ६:५०

मागची_पडवी, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तिचं खरं आहे. भाऊजींनी माझ्या सासूबाईंचं केलंय. मला कुणाला बाहेर काढायचं नाही, मला आत यायचंय." तो शब्द कैफियतीत येणार नाही. मी स्वतः वाचून सही करेन.

जुनी_वही, आजच नकलांचा अर्ज देते.

---

तिसरी_पायरी | १३ जून, दुपारी १२:३०

आमचा अनुभव, म्हणजे तुम्ही ही चूक करू नका. माझ्या सासऱ्यांच्या पुतण्याने घरावर हक्क सांगितला, तेव्हा आम्ही नुसता मनाईचा दावा केला. मालकी जाहीर करून मागितली नाही, ताबाही मागितला नाही. कोर्ट फी वाचेल असं वाटलं. सात वर्षांनी निकाल: मालकीबद्दल वाद आहे, ताबा वादीकडे नाही, सबब नुसती मनाई देता येत नाही. सात वर्षं गेली आणि पहिल्यापासून नवा दावा.

---

कज्जेदलाल_नव्हे | १३ जून, रात्री ८:४०

तिसरी_पायरी, तुमच्याशी झालं ते नेमकं २००८ च्या अनाथुला सुधाकर निकालात सर्वोच्च न्यायालयाने समजावून सांगितलंय. मालकीवर ढग असेल तर मालकीची घोषणा मागा. ताबा गेला असेल तर ताबा मागा. नुसत्या मनाईवर थांबू नका.

म्हणून ओसरी, तुम्ही फक्त कैफियत देऊन बसू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ नियम ६ अ प्रमाणे प्रतिदावा, म्हणजे त्याच खटल्यात तुमचा उलट दावा, करा. त्यात तिघांची मालकी जाहीर व्हावी, ताबा मिळावा आणि घर तिऱ्हाइताला विकायला मनाई व्हावी, असं मागा. कोर्ट फी भरावी लागेल, ती भरा. त्यांनी दावा काढून घेतला तरी प्रतिदावा जिवंत राहतो.

एक गोष्ट मात्र तुमच्या वकिलांशी नीट बोलून घ्या. काका परवान्याने राहत होते आणि परवाना संपवला, एवढ्यावरच ताबा मागायचा असेल तर कोर्ट कुठलं हा प्रश्न येतो. मुंबईत असे दावे लघुवाद न्यायालयातच चालतात, आणि फुकट राहू दिलेला माणूसही त्यात येतो, हे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. मुंबईबाहेरही लघुवादाचे अधिकार असलेल्या न्यायालयांसाठी अशीच तरतूद आहे. चुकीच्या कोर्टात दहा वर्षं चाललेला दावा परत येताना मी पाहिलाय.

आणि २०१२ चा गोव्यातला भावाबहिणीचा निकाल तुमच्या वकिलांना दाखवा, मारिया मार्गारिदा फर्नांडिस खटला. घर बहिणीच्या मालकीचं, राहायला भाऊ, आणि भावानेच कलम ६ खाली ताबा मागितलेला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की राखणदार, नोकर, नात्यामुळे फुकट राहिलेला माणूस कितीही वर्षं राहिला तरी त्याला मिळकतीत हक्क मिळत नाही. त्याचा ताबा मालकाच्या वतीनेच असतो. तुमच्या निशाणी ५ च्या म्हणण्यात हा निकाल पहिल्या पानावर असायला हवा.

---

पिंपळपान | १३ जून, रात्री ९:१५

माझा सल्ला मागे घेतो. मला कलम ६ माहीत नव्हतं. पण दावा चालू असताना त्यांनी घर विकलं तर?

---

कज्जेदलाल_नव्हे | १३ जून, रात्री ९:३०

चांगला प्रश्न. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे दाव्यात अडकलेली मिळकत घेणारा निकालाला बांधलेला असतो. पण आपल्याकडे त्यात राज्याची दुरुस्ती आहे: दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ती न नोंदवता "कलम ५२ आहेच की" म्हणून निर्धास्त राहणारे खूप जण असतात. प्रतिदावा दाखल झाला की त्याच आठवड्यात नोंदवा.

---

ओसरी | २ जुलै, रात्री ११:४०

बराच वेळ झाला, माफ करा. सापडलंय काहीतरी.

आई म्हणाली, ट्रंकेत बाबांची पत्रं आहेत. आम्ही दोघींनी मिळून सगळी जमिनीवर मांडली. मनीऑर्डरच्या पोचपावत्यांचा गठ्ठा निघाला, लोकरीच्या धाग्याने बांधलेला. १९८७ ते १९९८. प्रत्येकीवर काकांची सही आहे, आणि बाबांच्या डायरीत त्या त्या महिन्यात नोंद: "घरासाठी", "पत्रे", "विहिरीचा रहाट".

आणि एक निळं अंतर्देशीय पत्र, १९९१ चं. पोस्टाचा शिक्का अर्धा पुसलाय पण वर्ष वाचता येतं. कडेची चिकटपट्टी फाडताना एक शब्द गेलाय. काकांचं अक्षर, तिरपं, "ळ" नेहमीसारखा मोठा. त्यात लिहिलंय:

"दादा, मधल्या खोलीचे पत्रे बदलून घेतले. तू पाठवलेल्यात भागलं, वर थोडे उरले ते वहिनींच्या नावाने ठेवलेत. घर जसं ठेवून गेलास तसंच आहे. तुम्ही परत आलात की आम्ही मागच्या दोन खोल्यांत जाऊ, तोवर काळजी करू नकोस."

मी ते तीनदा वाचलं. मला वाटलं होतं असं काही सापडलं तर आनंद होईल. आई पत्र हातात धरून बसली आणि म्हणाली, "हा माणूस असं खोटं का लिहून देतोय गं आता?"

---

कज्जेदलाल_नव्हे | ३ जुलै, सकाळी ७:०५

ताई, तुमचा दावा त्या पत्रावर उभा राहतो. "तुम्ही परत आलात की आम्ही मागे जाऊ" म्हणजे परवानगीच्या ताब्याची कबुली, खुद्द राहणाऱ्याच्या हाताने. पाच वर्षं राहून झाल्यावर लिहिलेली. विरोधी ताबा १९८६ पासून, हे म्हणणं तिथेच संपतं. मनीऑर्डरच्या पोचा सांगतात की दुरुस्तीचा खर्च मालकाने केला, म्हणजे "आम्ही पक्कं बांधकाम केलं म्हणून परवाना काढता येत नाही" हेही त्यांना म्हणता येणार नाही.

पत्र ३० वर्षांहून जुनं आहे आणि जिथे असायला हवं तिथूनच, घेणाऱ्याच्या ट्रंकेतून, निघालंय. अशा कागदाबद्दल कोर्ट सही-अक्षर खरं असल्याचं गृहीत धरू शकतं. तरी हातात घेणं बंद करा. लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, पेनाने काही खूण करू नका. स्कॅन करा, मूळ पत्र कागदयादीबरोबर दाखल करा आणि दाखल केल्याची पोच घ्या.

आजोबांच्या पैशांबद्दल: कुटुंब एकत्र होतं म्हणून मिळकतही एकत्र, असं कायदा धरत नाही. आजोबांकडे घर घेण्याजोगं उत्पन्न होतं हे आधी त्यांनी शाबीत करायचं. तुम्ही बाबांचे १९८३ च्या सुमाराचे पगाराचे, कर्जाचे, पतपेढीचे कागद शोधा.

---

मागची_पडवी | ३ जुलै, सकाळी १०:२०

आईंच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ? कदाचित काकांनी लिहिलेलंच नाही. मुलाने वकिलाकडून आणलं आणि त्यांनी सही केली. म्हातारपणी माणूस मुलाच्या घरात राहतो, मुलाला नाही म्हणता येत नाही. माझ्या वडिलांच्या सहीचे असे कागद मी नंतर पाहिले.

---

सांजसावली | ३ जुलै, दुपारी १:००

हे वाचून गलबलून आलं. ओसरी, तुमचा भाऊ यात कुठे आहे? तुम्ही एकट्याच धावपळ करताय असं दिसतंय.

---

ओसरी | ३ जुलै, रात्री १०:१०

भाऊ परगावी असतो, पैशाला मदत करतो. त्याने सुचवलं होतं की मी आणि आईने त्याच्या नावे हक्कसोड करावं म्हणजे एकानेच कोर्टात यायचं. वकिलांनी थांबवलं. हक्कसोडपत्र नोंदणी केल्याशिवाय चालत नाही, आणि एकदा केलं की परत फिरणं नाही. काकांना राहू देताना आम्ही विश्वासावर कागद केला नाही, आता विश्वासावर कागद करायला निघालो होतो. भावाला मुखत्यारपत्राचा पर्याय सांगितला, तो समजला. भांडण नाही.

---

ओसरी | ९ सप्टेंबर, रात्री ९:००

निशाणी ५ वर हुकूम झाला. दोन्ही बाजूंनी जैसे थे ठेवायचं, आणि वादींनी घर विकायचं, गहाण ठेवायचं किंवा तिऱ्हाइताला ताबा द्यायचा नाही. आमच्या वकिलांना पूर्ण फेटाळणी हवी होती, पण विक्रीला बंदी मिळाली हे पुष्कळ झालं. प्रतिदावा दाखल आहे, नोटीस नोंदवली आहे. घरपट्टीच्या अर्जाची नक्कलही मिळाली. जुनी_वही, तुमचं बरोबर निघालं. अर्जात काकांनी "मालक बाहेरगावी, मी भाऊ" असं लिहिलंय.

न्यायाधीशांनी दोन्ही पक्षकारांकडे बघून विचारलं, मध्यस्थीला जाणार का. चुलत भाऊ नाही म्हणायला उठला. काकांनी त्याच्या हाताला धरून खाली बसवलं आणि म्हणाले, "जातो."

---

कज्जेदलाल_नव्हे | ९ सप्टेंबर, रात्री ९:३५

जा, आणि मन मोकळं ठेवून जा. मध्यस्थीच्या खोलीत जे बोललं जातं ते गोपनीय असतं, पुराव्यात वापरता येत नाही. त्यामुळे आतलं इथे लिहू नका. तडजोड ठरली तर ती लेखी, सगळ्यांच्या सह्यांनी, आणि आदेश २३ नियम ३ प्रमाणे कोर्टापुढे दाखल होऊन त्यावर हुकूमनामा व्हायला हवा. तोंडी ठरवून दावा काढून घेऊ नका. काका-काकूंना हयातभर राहू द्यायचं ठरलं तर कुठल्या खोल्या, कुठलं दार, विहीर कुणाची, आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या मुलाला तो हक्क मिळणार नाही, हे शब्दांत लिहा. नकाशा जोडा, खोल्या रंगाने दाखवा. पाच वर्षांनी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची कोर्टामार्फत अंमलबजावणी, करायची वेळ आली तर बेलिफाला नकाशाच वाचता येतो.

---

तिसरी_पायरी | १० सप्टेंबर, सकाळी ८:१५

नकाशाला अनुमोदन. आमच्या तडजोडीत "मागील भाग" एवढंच लिहिलं होतं. मागील भाग कुठून सुरू होतो यावर दोन वर्षं.

---

ओसरी | २६ सप्टेंबर, रात्री १०:५५

आज मध्यस्थीची दुसरी बैठक झाली. आतलं लिहीत नाही. बाहेरचं लिहिते.

बोलावणं यायला वेळ होता. आई व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती, चुलत भाऊ वकिलाबरोबर खाली गेला होता. काका काठी टेकत आले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. २०२२ नंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ते पत्र आहे म्हणे तुमच्याकडे. बघू."

मूळ पत्र कोर्टात आहे. मी पिशवीतून झेरॉक्स काढून दिली. घड्यांच्या जागी तीन काळ्या रेषा उमटल्या आहेत, त्यांच्यावरून त्यांनी बोट फिरवलं. चष्मा वर करून, कागद डोळ्यांजवळ नेऊन सगळं वाचलं, फाटलेल्या शब्दाशी थांबले आणि म्हणाले, "इथे 'रहाट' आहे." मग आईला विचारलं, "दादाने जपून ठेवलं होतं?"

आई म्हणाली, "मी ठेवलं होतं, भाऊजी."

त्यांनी कागद परत दिला नाही. चौघडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. तेवढ्यात पुकारा झाला.

पुढची बैठक १७ ऑक्टोबरला आहे. मोजणीदाराला बोलावून खोल्यांचा नकाशा करून आणायला सांगितलंय, दोन्ही बाजूंनी निम्मा खर्च. मोजणीच्या दिवशी आईला घरात जायला मिळणार आहे. कुठली साडी नेसायची ते तिने आजच ठरवलंय.